जांभळा कोट, चौथ्या वर्षासाठी

ब्रॅक्स्टन, इंडियाना
२ मार्च १९९७

बाबा,

फोनवर आपलं काही जमत नाही, म्हणून लिहितोय. गेल्या रविवारी अकरा मिनिटं झाली. त्यात तुम्ही "जेवलास का" म्हणालात आणि मी "हो" म्हणालो. बाकी नुसता तुमच्याकडचा फ्रिज ऐकू येत होता. कागदावर निदान काहीतरी लिहावंच लागतं.

काल घरच्या मैदानावरची शेवटची मॅच झाली. जिंकलो. माझे सत्तावीस पॉइंट. पेपरात बास्केटबॉलच्या पानावर फोटो आलाय, कापून सोबत ठेवलाय. त्यात मी झोपल्यासारखा दिसतो. नोव्हेंबरात आईला पुरून आलो, तेव्हापासून अख्खा सीझन मी तसाच खेळतोय. चेंडू हातात येतो, मी टाकतो, आत जातो. लोक म्हणतात, पोरगा काय थंड डोक्याचा आहे! थंड कसलं, डोक्यात काही नसतंच.

मॅचच्या आधी निरोपाची रात्र होती. शेवटच्या वर्षाची तीन पोरं आईबापांच्या हातात हात घालून मैदानाच्या मधल्या वर्तुळापर्यंत चालत गेली. कोचच्या बायकोने, मिसेस हॅलोरननी, प्रत्येक आईला फुलं दिली. आम्ही बाकीचे दोन रांगा करून टाळ्या वाजवत उभे. रस्कोची आई एवढी रडली की तिचा चष्मा पडला आणि त्यावर नेमका रस्कोचाच पाय पडला. सगळे हसले. मीही हसलो असेन.

यंदा तुम्ही एकाही मॅचला आला नाहीत. तक्रार करत नाहीये. जानेवारीत बोट बंदरात बांधली की तुम्ही मार्चपर्यंत घरीच असता, एवढंच म्हणतोय. तिसऱ्या रांगेतल्या तुमच्या दोन खुर्च्यांवर कोणी बसलं नाही.

कीनन


लोरेन, ओहायो
११ मार्च १९९७

लंब्या,

फोटो पोचला. झोपलेला कुठे दिसतोस? माझ्या भावासारखा दिसतोस. तो जागेपणीही तसाच दिसायचा. फ्रिजवर लावलाय. तुला फोनवर ऐकू येतो तोच फ्रिज.

मी का आलो नाही ते विचारू नकोस. गाडी दोनदा काढली होती. एकदा सॅन्डस्कीपर्यंत गेलो, पेट्रोल भरलं, कॉफी घेतली, परत आलो. तुझ्या आईशिवाय त्या हॉलमध्ये बसायचं म्हणजे रेफरीला शिव्या कोण घालणार? मला ते जमत नाही. मी बोटीवरचा स्वयंपाकी, मी फार तर त्याला उपाशी ठेवीन.

वीस तारखेला 'एडना हार्कनेस'वर चढायचं आहे. तीच बावीस माणसं, तेच लोखंडाचं खनिज, तीच पाच सरोवरं. पत्ता तोच. डेट्रॉइटच्या नदीत टपालाची होडी बाजूला लागली की आम्ही दोरीने बादली सोडतो, तेव्हा जाडजूड पाकिटं पाठवू नकोस, वारा असला की भिजतात.

पुढच्या हिवाळ्यात मात्र येतो. सगळ्या मॅचेसना. खुर्च्या राखून ठेव.

बाप


ब्रॅक्स्टन
८ एप्रिल १९९७

बाबा,

एक विचारायचं होतं. एक एजंट येऊन गेला. सूट असा की त्यात माझ्यासारखे दोन मावतील. त्याने स्टेक मागवला, मी माझ्या पैशाने सूप घेतलं, कारण त्यांचा घास घेतला तरी कॉलेजकडून खेळता येत नाही असं कोचने बजावलंय. तो म्हणाला, यंदा नाव दिलंस तर जूनच्या ड्राफ्टमध्ये व्यावसायिक संघ खेळाडू निवडतील तेव्हा पहिल्या फेरीतच कोणीतरी उचलेल. कोच म्हणतो, अजून दोन वर्षं थांब, डावा हात कच्चा आहे. बायॉलॉजीचे सर म्हणतात, बायॉलॉजी पण कच्ची आहे.

मला वाटतं जावं. एक तर तुम्हाला त्या बोटीवरून उतरवता येईल. तेवीस वर्षं लोकांची अंडी तळताय. दुसरं काही कारण नाही.

पण तुम्ही थांब म्हणालात तर थांबेन.

आणि तो आईचा जांभळा कोट. पहिल्या वर्षी सेलमध्ये घेतला होता तो, कॉलेजचा रंग म्हणून. "हा चौथ्या वर्षी, निरोपाच्या रात्री घालायचा, तोवर कोणी हात लावाल तर याद राखा," म्हणून प्लास्टिकसकट कपाटात टांगला होता तिने. तो कोणाला तरी देऊन टाका. घरात असायला नको.

कीनन


'एडना हार्कनेस', ह्युरॉन सरोवर
२६ एप्रिल १९९७

लंब्या,

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. चूक झाली. दोन तास भांडत होते मेले. चीफ इंजिनियर म्हणतो, डिग्री हातात असली की माणूस रस्त्यावर येत नाही. त्याच्या हातात डिग्री आहे आणि तो अठ्ठावीस वर्षं ग्रीसमध्ये बरबटलेला आहे, हे कोणीतरी त्याला दाखवून दिलं. इंजिनात तेल घालणारा पोलिश म्हातारा म्हणाला, गुडघा एका संध्याकाळी जातो, मग कॉलेज काय तुझ्या गुडघ्याला पदवी देणार आहे का? आठ हजार माणसं तिकीट काढून त्याला बघायला येतात आणि त्याला मिळतं काय, तर पुस्तकं! त्यावर इंजिनियर म्हणाला, पुस्तकं मिळतात ना, मग वाच म्हणावं. चेरी भरलेली पेस्ट्री केली होती, ती थंड झाली. कोणाला भान नाही.

मला विचारतोस तर, जा. तुझी आई असती तर तिने कान धरून बसवलं असतं, पण ती नाहीये आणि मी तिच्या आवाजात बोलणार नाही. पोराला जायचं असलं तर बापाने दारात उभं राहू नये. माझी काळजी करू नकोस. मला अंडी तळायला आवडतं.

कोट दिला. निघायच्या आधीच दिला होता. चर्चमधल्या एका बाईने नेला.

बाप


ब्रॅक्स्टन
१४ मे १९९७

बाबा,

नाव दिलं. पेपरात आलंय. वर्गात पोरं सही मागतात. कॅन्टीनमधल्या मावशींनी दोनदा वाढलं आणि म्हणाल्या, आता आम्हाला ओळख देशील ना रे. मी म्हटलं, तुमच्या मॅकरोनीला तरी देईनच.

सध्या रोज पळतो, वजनं उचलतो, विमानाने कुठेतरी जातो, कोणीतरी माझे हात मोजतं. हात लांब आहेत म्हणतात. बरं.

अठरा जूनपर्यंत नाव मागे घेता येतं, तोवर एजंटच्या कागदावर सही करायची नाही, एवढंच. कोचने नाव मागे घेतल्याचं पत्र टाइप करून दिलंय. खाली माझ्या सहीपुरती जागा आहे. टेबलावर पडलंय, त्यावर मी कॉफीचा मग ठेवतो. तुम्हाला अजून काही वाटत असलं तर कळवा. अठराच्या आधी.

कोट कोणाला दिला? तिला बसतो का?

कीनन


'एडना हार्कनेस', सू लॉक्स
५ जून १९९७

लंब्या,

बसतो. बाह्या जरा लांब होतात, त्या आतून दुमडून घेतल्यात म्हणे. ती तो रविवारी घालते. छान दिसतो.

नावाबद्दल मला वेगळं काही वाटत नाही. तू ठरवलंस ते बरोबरच असणार. डोकं तुझ्या आईचं आहे तुझ्याकडे, माझं नाही, देवाची कृपा.

खालच्या दोन ओळी खोडल्यात त्या वाचत बसू नकोस. भलतंच काहीतरी लिहिलं गेलं होतं.

इथे धुकं आहे. लॉकच्या जलद्वारापाशी आमच्यापुढे चार बोटी थांबल्यात, म्हणून मला वेळ मिळाला. सकाळपासून दोन टोपल्या बटाटे सोलले. पुढे काय लिहायचं ते सुचत नाही. खा नीट.

बाप


ब्रॅक्स्टन
२७ जून १९९७

बाबा,

पहिल्या फेरीत नाही. दुसऱ्या फेरीत, एकावन्नावा. पश्चिमेकडचा संघ आहे. टीव्हीवर माझं नाव आलं तेव्हा बघायला फक्त मी आणि रस्को होतो. बाकीचे पिझ्झा आणायला गेले होते, त्यांना वाटलं अजून वेळ आहे. रस्को ओरडला. मी म्हटलं, हळू, शेजारी झोपलेत. दुपार झाली होती की संध्याकाळ, मला नीट आठवत नाही.

खोली रिकामी केली. मिसेस हॅलोरन भेटायला आल्या होत्या. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मग म्हणाल्या, "असू दे, पोरा." आणि सँडविचचा डबा दिला.

कीनन


(पोस्टकार्ड)
२९ ऑक्टोबर १९९७

बाबा,

काढलं. संघातून, सीझन सुरू व्हायच्या दोन दिवस आधी. एका माणसाने बोलावून सांगितलं, चांगला माणूस होता, त्याने हस्तांदोलनही केलं. एजंट म्हणतो बेल्जियममध्ये जागा आहे. कॉलेजकडून आता खेळता येत नाही, सही झाली ना. मंगळवारी विमान. ठीक आहे मी.

कीनन


'एडना हार्कनेस', सुपीरियर सरोवर
१५ नोव्हेंबर १९९७

लंब्या,

बेल्जियम नकाशात शोधलं. आपल्या सुपीरियर सरोवरात अख्खं बुडेल.

तुझ्या आईला जाऊन आज एक वर्ष झालं. गेल्या वर्षीही आम्ही इथेच होतो, याच पाण्यात, आणि कॅप्टन स्वतः खाली माझ्याकडे आला होता. मी तेव्हा ग्रेव्ही ढवळत होतो. तो सांगून गेला आणि मी ढवळत राहिलो, कारण थांबलो असतो तर गाठी झाल्या असत्या. आजही ग्रेव्हीच होती.

येत्या हिवाळ्यात छत दुरुस्त करायचं म्हणतो.

बाप


आल्स्ट, बेल्जियम
६ डिसेंबर १९९८

बाबा,

बऱ्याच महिन्यांत लिहिलं नाही. लिहिण्यासारखं घडत नाही, खरंच. या गावातला हा माझा दुसरा सीझन. घर बेकरीच्या वर आहे. सकाळी प्रॅक्टिस, दुपारी झोप, मग पुन्हा प्रॅक्टिस. इथे बटाट्याच्या तळलेल्या कांड्यांवर मेयोनीज घालून खातात, तुम्ही पाहिलं असतंत तर पोलिसांना बोलावलं असतं. आमचा कॅप्टन हाफटाइमला सिगारेट ओढतो आणि तरी माझ्यापुढे धावतो. लोक चांगले आहेत. मला "अमेरिकन" म्हणतात, नाव कोणाला येत नाही.

सरासरी चौदा पॉइंट. वाईट नाही. लोक विचारतात, लवकर सोडलंस कॉलेज, पस्तावतोस का? मी खांदे उडवतो. पस्तावायला काहीतरी वाटावं लागतं. माझं सगळं ठीक आहे, गुडघे ठीक, जेवण ठीक, आणि कुठेच काही लागत नाही. दाताला भूल दिल्यावर गाल चावला जातो ना, तसं आहे. चावला जात असेलही.

छत झालं का?

कीनन


लोरेन, ओहायो
२८ फेब्रुवारी १९९९

लंब्या,

छताचं सोड. काल मी ब्रॅक्स्टनला गेलो होतो.

तुझ्याबरोबर कॉलेजात आलेली पोरं यंदा सुटतात. तारीख मला पाठ होती. सकाळी गाडी काढली आणि सॅन्डस्कीला थांबलोच नाही, थांबलो असतो तर परत फिरलो असतो. तिकीट घेऊन तिसऱ्या रांगेत बसलो. शेजारच्या खुर्चीवर कोट ठेवला. हो, तोच. कोणाला दिलेला नाही. चर्चमधली बाई, दुमडलेल्या बाह्या, रविवार, सगळं माझ्या मनाचं. तो कपाटातच होता, प्लास्टिकमध्ये. प्लास्टिक मी पार्किंगमध्ये काढलं.

चार पोरं चालत गेली. तू असतास तर पाच. त्या शेंगदाण्यासारख्या पोराची आई नव्हती, कोण जाणे का, तो त्याच्या मावशीला घेऊन गेला. मावशी वर्तुळापर्यंत गेली, फुलं घेतली, हात हलवला. चालतं तसं. कोणी काही म्हणालं नाही. मी ते बघत होतो आणि मला कळत होतं की मी हे कोणालातरी सांगायला हवं होतं, कधीतरी, वेळेवर.

मॅच संपल्यावर मिसेस हॅलोरन वर आली. म्हणाली, "कोट लांबून ओळखला, वेन्डेल. अर्नेटाने मला सेलच्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं." तिच्या हातात रेसिपी ठेवायचा पत्र्याचा डबा होता. तुला माहीत नसेल, मलाही नव्हतं. दरवर्षी नवी पोरं आली की ती त्यांच्या आयांकडून कार्डावर आवडतं फूल लिहून घेते, आणि चार वर्षांनी ज्याचं त्याचं कार्ड काढून तीच फुलं आणते. जो मधेच सोडून जातो त्याचं कार्ड मागे तसंच राहतं. फेकवत नाही म्हणाली. तू निघालास तेव्हा तुला द्यायला आणलं होतं आणि देववलं नाही.

तुझ्या आईचं अक्षर. खाली उतरतं तसं, उजवीकडे. लिहिलंय:

"पिवळे ग्लॅडिओलस. दोन गुच्छ लागतील. एक वेन्डेलला द्या. बोट बांधलेली असेल, तो नक्की येईल, आणि त्याला आजवर कोणी फुलं दिलेली नाहीत."

मिसेस हॅलोरन म्हणाली, आधी कळवायचंस, कुठूनतरी आणली असती. मी म्हटलं, बाई, नाही कळवलं तेच बरं झालं. ती गेली. मी बसून राहिलो. झाडायला माणसं आली तेव्हा उठलो, त्यांनी माझ्या पायाखालचं सगळ्यात शेवटी झाडलं.

आता ऐक. त्या जूनमध्ये मी दोन ओळी खोडल्या होत्या. त्या अशा होत्या: "थांब रे. जानेवारी ते मार्च तुझ्या मॅचेस नसल्या तर मी त्या घरात काय करू?" लिहिलं आणि खोडलं. मला वाटलं, तुला जायचंय, बाप कशाला पायात येतो. आणि आदल्या हिवाळ्यात एकदाही न आलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने थांब म्हणायचं? मला तू जायला नको होतास, लंब्या. मी खोटं लिहिलं. दोनदा.

कार्ड माझ्याकडे आहे. पाठवत नाही, पोस्टावर माझा एवढा विश्वास नाही.

बाप


आल्स्ट
१२ मार्च १९९९

बाबा,

पत्र मंगळवारी आलं. बेकरीच्या दारातच वाचलं. खिशात ठेवलं. संध्याकाळी मॅच होती, खेळलो, नऊ पॉइंट, हरलो, घरी येऊन झोपलो. नेहमीसारखं.

मला जायचं नव्हतं. बोटीवरून उतरवायचं वगैरे मी जे लिहिलं ते पत्रात बरं दिसावं म्हणून. मला फक्त ते वर्तुळापर्यंत चालायचं नव्हतं. रस्कोच्या आईचा चष्मा पडला त्या दिवशी रांगेत टाळ्या वाजवताना मी मोजलं, बाकापासून वर्तुळापर्यंत एकोणीस पावलं. दोन वर्षांनी मी ती कोणाला घेऊन चालणार? तुम्ही तर हॉलमध्येही आला नव्हतात. म्हटलं, ती रात्र यायच्या आधीच निघून जावं. बास, एवढंच कारण होतं. अख्खं कॉलेज मी एकोणीस पावलांसाठी सोडलं. मावशीला नेता येतं हे मला सुचलंच नाही.

अठरा जूनला ते टाइप केलेलं पत्र समोर घेऊन मी शेवटच्या मिनिटापर्यंत बसलो होतो. पेन उघडं होतं. तुम्ही ते खोडलं नसतंत तर मी सही केली असती. रागावून लिहीत नाहीये. तुमच्याही हातात पेनच होतं आणि माझ्याही.

बुधवारी प्रॅक्टिसला गेलो. उजवा बूट बांधला. डावा बांधताना "त्याला आजवर कोणी फुलं दिलेली नाहीत" हे आठवलं, तिच्या आवाजात, रेफरीवर ओरडायची त्याच आवाजात. आणि मला उठता येईना. जमिनीवर बसलो, नाडी हातात, आणि अडीच वर्षांत आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. लहान पोरासारखा हुंदके देत होतो. सिगारेटवाला कॅप्टन शेजारी येऊन बसला. कोचने विचारलं, पाय मुरगळला का? मी म्हटलं, हो. त्याने दोन दिवस सुट्टी दिली. त्या सुट्टीत हे लिहितोय. अजूनही मधेमधे येतं, कागद जरा ओला आहे, बादलीत भिजला असं समजा.

मेमध्ये सीझन संपला की येतो, तुमची बोट जिथे लागेल तिथे भेटू. कोट कपाटात घालू नका, बाहेरच असू द्या. आणि तुम्ही बोटीवर चढायच्या आधीच्या रविवारी फोन करतो. मी काही बोललो नाही तरी ठेवू नका.

कीनन